कंपोस्ट टी: हवा भरपूर दिली, तरी घातक जिवाणूंचं काय?

ओली_माती

कंपोस्ट टी, म्हणजे कंपोस्ट पाण्यात भिजवून काढलेला अर्क, कसा करायचा, यावर वाचायला भरपूर मिळतं. बादली, पंप, चार मुठी कंपोस्ट, थोडी मळी (साखर कारखान्यातला गोड, काळा पाक), दिवसभर बुडबुडे, की झालं काम. त्याच बादलीत माणसाला आजारी पाडणारे जिवाणूही वाढू शकतात, हे मात्र फार थोडे जण लिहितात. जे लिहितात त्यांचंही एक वाक्य ठरलेलं असतं: "हवा चालू ठेवा, वाईट जिवाणू आपोआप मरतात." हा धागा त्या वाक्यासाठी काढला आहे. ते चुकीचं आहे, आणि त्याच्या भरवशावर लोक हा अर्क थेट कच्च्या खायच्या पानांवर फवारतात.

ई. कोलाय आणि साल्मोनेला हे विष्ठेतून येणारे जिवाणू, दोघांनाही प्राणवायू असला तरी चालतं आणि नसला तरी चालतं. उलट प्राणवायू असेल तर त्यांना तेवढ्याच अन्नातून जास्त ऊर्जा मिळते. हवा दिल्याने बादलीतलं सडणं टळतं, घाण वास येत नाही, मुळांना त्रास देणारी आम्लं आणि अल्कोहोल तयार होत नाहीत. हा फायदा खरा आहे, पण निर्जंतुकीकरणाशी त्याचा संबंध नाही.

घातक जिवाणू बादलीत चार वाटांनी येतात: कंपोस्टमधून, पाण्यातून, भांड्यांतून आणि आपल्या हातांतून. आले तरी लगेच संकट ओढवत नाही, कारण चांगल्या मुरलेल्या कंपोस्टमध्ये त्यांच्याशी अन्नासाठी भांडणारे हजारो प्रकारचे जीव असतात. संकट येतं ते आपण वरून साखर घातली की. म्हणून माझं म्हणणं असं की घातक जिवाणूंचा बंदोबस्त पंप सुरू करण्याआधीच होतो. पंप सुरू झाल्यावर आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

ज्यांचा अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी भर घालावी. चुकत असेन तिथे जरूर सांगा.

कुंडीवाला

चांगला विषय. पण मळीबद्दल माझं मत वेगळं आहे. मळी घातली नाही तर जिवाणूंची संख्या वाढणार कशी? मग ते नुसतं खताचं पाणीच झालं की. मी बरीच वर्षं मळी घालून करतो, झाडं उत्तम आहेत, अर्काला जंगलातल्या ओल्या मातीसारखा वास येतो. वाईट जिवाणू असते तर वास बिघडला नसता का?

सूक्ष्मदर्शी

कुंडीवाला दादा, मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे वासाबद्दल आधी सांगतो. वासावरून सडण्याचा अंदाज येतो, रोगजंतूंचा येत नाही. पाण्यात दर मिलिलिटरमागे लाखभर ई. कोलाय असले तरी मातीच्या वासाखाली ते नाकाला कळणार नाहीत. झाडं उत्तम असण्याचाही इथे उपयोग नाही, कारण ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा प्रकार झाडाला काही करत नाही. तो माणसाच्या आतड्यावर हल्ला करतो, आणि लहान मुलांमध्ये काही वेळा मूत्रपिंडं निकामी करतो. त्याचा संसर्ग व्हायला १०० हून कमी पेशीही पुरतात.

आता मळी. यावर नेमके प्रयोग झालेले आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेणाच्या आणि कोंबडीच्या विष्ठेच्या कंपोस्टपासून अर्क केले, त्यात मुद्दाम अगदी थोडे साल्मोनेला आणि ओ१५७ सोडले आणि मळीचं प्रमाण बदलत नेलं. मळी वाढली तशी त्यांची वाढ जास्त झाली. मळी नव्हती तिथे वाढ झाली नाही. २००७ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी हवा दिलेला आणि न दिलेला अशा दोन्ही अर्कांची तुलना केली. तिथेही वरून पोषक द्रव्यं न घातलेल्या अर्कात रोगकारकांची वाढ झाली नाही. घातलेल्यात झाली, आणि हवा दिलेल्या अर्कात जास्त झाली. हवा हा उपाय असता तर निकाल उलटा लागायला हवा होता.

थोडं गणित मांडतो. भरपूर अन्न आणि ३७ अंश तापमान मिळालं तर ई. कोलायच्या एका पेशीच्या साधारण २० मिनिटांत दोन होतात. बादलीतलं पाणी इतकं कोमट नसतं, म्हणून वेग बराच कमी धरू, तासाला एकदा दुप्पट. तरी २४ तासांत एका पेशीच्या कागदावर १ कोटी ६७ लाख होतात. प्रत्यक्षात बाकीचे जीव हा वेग रोखतात. पण सहज पचणारी साखर मिळाली की रोखणाऱ्यांचा जोर कमी पडतो, कारण तिच्यावर जलद वाढणारे जिवाणू पुढे जातात, आणि आतड्यातले जिवाणू या कामात तरबेज असतात. मुरलेल्या कंपोस्टमधलं अन्न अवघड असतं. ह्युमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग), लिग्निनचे (लाकडातल्या चिवट भागाचे) अवशेष त्यांना सहजी पचत नाहीत. मळी न घालणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक नियंत्रण आहे.

कुंडीवाला

सूक्ष्मदर्शी, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. हवा दिलेल्यात जास्त वाढ झाली हे मला नवीन आहे. तरी एक शंका. मळीऐवजी समुद्रशेवाळाची पूड, यीस्टचा अर्क, माशांचं द्रावण असं काही घातलं तर? त्यात साखर जवळपास नसतेच.

सूक्ष्मदर्शी

यीस्टचा अर्क तर आम्ही प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठीच वापरतो! माशांच्या द्रावणात प्रथिनं भरपूर असतात, त्यावरही हे वाढतात. अमेरिकेत २०१५ साली ताज्या भाज्या-फळांच्या सुरक्षिततेचा जो नियम आला, त्यात मळी, यीस्टचा अर्क आणि शेवाळाची पूड ही तिन्ही नावं उदाहरणादाखल दिली आहेत. यांपैकी काही घातलं की तो अर्क प्रक्रिया न केलेल्या खताच्या रांगेत जातो, म्हणजे जवळपास कच्च्या शेणाच्या. ह्युमिक आम्लासारखी पूरकंही खायच्या झाडांसाठी मी टाळेन.

नवखा_माळी

मी अजून एकदाही केलेला नाही, म्हणून अगदी प्राथमिक प्रश्न. कंपोस्ट सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं? माझं काळं, भुसभुशीत झालंय, आत काय टाकलं होतं ते ओळखूही येत नाही.

ओली_माती

नवखा माळी, काळं आणि भुसभुशीत म्हणजे कुजलं. सुरक्षित आहे की नाही ते ढीग किती तापला होता यावर ठरतं. सेंद्रिय शेतीच्या अमेरिकी नियमांतले आकडे यासाठी चांगले आहेत: बंद भांड्यात किंवा आतून हवा खेळवलेल्या ढिगात ५५ ते ७७ अंश सेल्सिअस तापमान सलग ३ दिवस, आणि उघड्या लांबट ढिगात तेच तापमान १५ दिवस, त्या काळात किमान ५ वेळा उलथणं. उलथण्याला एवढं महत्त्व का, ते ढिगात हात घातला की समजतं. मधोमध इतकं गरम असतं की हात ठेववत नाही, आणि कडेला वीतभर थर थंडगार. बाहेरचा थर आत गेला नाही तर त्यातले जिवाणू जसेच्या तसे राहतात, आणि नंतर तयार खतात मिसळतात.

हे तापमान गाठायला ढीग साधारण एक घनमीटरचा तरी लागतो. कुंडीत, ड्रममध्ये, लहान डब्यात केलेलं घरगुती कंपोस्ट बहुधा एवढं तापतच नाही. ते कुजतं छान, झाडांना उपयोगी असतं, मातीत मिसळायला हरकत नाही. पण त्याचा अर्क करून पानांवर फवारायचा असेल तर मी नाही म्हणेन.

लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. अंदाज फसतो.

गांडूळमित्र

गांडूळखताचं काय? त्यात तर उष्णता चालतच नाही, गांडुळं मरतील. आणि मी वाचलंय की गांडुळाच्या आतड्यातून गेल्यावर रोगजंतू कमी होतात.

सूक्ष्मदर्शी

कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण कमी होणं आणि न उरणं यांत फरक आहे, आणि किती कमी होतात हे गांडुळांची दाटी, ओलावा, किती दिवस ठेवलं, नवीन कचरा कुठून टाकला यावर अवलंबून असतं. वरून रोज नवा कचरा आणि खालून काढलेलं खत, असा एकच खोका असेल तर जुनं-नवं सहज मिसळतं. दोन मार्ग आहेत. एक, शेण किंवा कोंबडीची विष्ठा आधी गरम ढिगात कुजवून मग गांडुळांना देणं. दुसरा, गांडुळांना फक्त झाडपाला आणि भाजीपाल्याचा कचरा देणं आणि खत काढल्यावर काही महिने मुरू देणं. माणसाचे रोगजंतू मुख्यतः विष्ठेतून येतात, त्यामुळे दुसऱ्या मार्गात मुळात धोका कमी. पण कच्च्या मांसाचे तुकडे, न धुतलेली अंड्याची टरफलं टाकली तर साल्मोनेलाला दार उघडंच.

कुत्र्या-मांजरांची विष्ठा कशातच टाकू नका. मांजराच्या विष्ठेतल्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी फार चिवट असतात, आणि गरोदर स्त्रियांना त्याचा खरा धोका असतो.

पारिजात

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मी छपरावरचं पावसाचं पाणी वापरते, क्लोरीन नसतं म्हणून. तेच चांगलं ना?

ओली_माती

पारिजात ताई, झाडाला घालायला उत्तमच. अर्क करायला नको. छपरावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर पिंपात उतरतात. तळ्याचं, ओढ्याचं, उघड्या विहिरीचं पाणीही त्याच कारणाने टाळावं. पिण्यायोग्य पाणी घ्या. त्यातलं साधं क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं किंवा काही तास पंप चालवला की निघून जातं. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, ते असं उडून जात नाही. त्यासाठी क जीवनसत्त्वाची चिमूटभर पूड पुरते.

कुंडीवाला

भांड्यांबद्दल मी लिहितो, कारण यात माझा बराच हात आहे. बादली घासणं सोपं असतं, सगळे घासतात. राहते ती नळी आणि पंपाचा एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, बारीक बुडबुडे काढणारा दगड). जुन्या नळीचं पाण्यात बुडणारं टोक एकदा उभं चिरून पाहा. बाहेरून स्वच्छ दिसते, आतल्या बाजूला तपकिरी, बुळबुळीत थर असतो. नुसत्या पाण्याच्या धारेने तो हलत नाही. नखाने खरवडला तर साईसारखा निघतो. या थरात जिवाणू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण करून राहतात, आणि ब्लीच वरवर फिरवलं तर आतल्यांपर्यंत पोचतच नाही. पुढच्या खेपेला हाच थर विरजण म्हणून काम करतो.

म्हणून आधी घासायचं, मग जंतुनाशक. हा क्रम उलटा चालत नाही. लांब दांड्याचा बारीक ब्रश नळीत घालून साबणाने घासा, धुवा, मग ५ टक्के तीव्रतेचं साधं घरगुती ब्लीच लिटरला ४ मिली या प्रमाणात घेऊन सगळे भाग १० मिनिटं बुडवून ठेवा. त्याने सुमारे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीन मिळतं. पुन्हा धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. वाळवणं विसरू नका, ओल्या नळीत थर परत लगेच धरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच नको असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. ते घाणीला लागलं की फसफसतं, त्यामुळे कुठे घासायचं राहिलंय तेही कळतं.

एअर स्टोन सच्छिद्र असतो, आतून साफ होत नाही. मी तो वापरणंच सोडलं. जाड नळीला मोठी भोकं पाडली की बुडबुडे मोठे येतात, पाणी चांगलं ढवळतं, आणि ब्रश आरपार जातो.

सूक्ष्मदर्शी

+१. एअर स्टोनबद्दल अगदी पटलं. एक जोड देतो: बादलीवर सैल झाकण ठेवा. बुडबुडा फुटताना बारीक तुषार उडतात, आणि त्यांतून जिवाणू हवेत जातात. बंद खोलीत, स्वयंपाकघरात बादली ठेवू नका. कोरडं कंपोस्ट हाताळतानाही मास्क लावा. कुंडीच्या तयार मातीत आणि कंपोस्टमध्ये लिजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू सापडतो, त्याच्यामुळे फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा मातीच्या पिशव्यांवर यासाठी इशारा छापलेला असतो. पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नये, आधी थोडं पाणी शिंपडावं.

हिरवा_चाफा

आमच्या घरी लहान बाळ आहे आणि सासऱ्यांची केमोथेरपी चालू आहे. हे सगळं वाचून थोडी धास्ती वाटली. सगळं नीट पाळून केलेला अर्क आमच्या बागेत वापरावा का? आणि आधी तपासून घेता येईल का? पाणी तपासायची ती बाटली मिळते, पाणी दूषित असेल तर काळी पडते, तिने चालेल?

सूक्ष्मदर्शी

चाफा ताई, ती बाटली इथे कामाची नाही. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू असले की ती काळी पडते, आणि कंपोस्टमध्ये असे निरुपद्रवी जिवाणूही असतात. शिवाय अर्क मुळातच गडद. ती काळी पडली तरी काही कळलं नाही आणि नाही पडली तरी भरवसा नाही.

प्रयोगशाळेत दिलं तरी 'एकूण कोलिफॉर्म' (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूंचा मोठा गट) मागू नका. क्लेबसिएला, एंटेरोबॅक्टर असे कोलिफॉर्म माती आणि पानांवर सहज असतात, त्यामुळे तो अहवाल बहुतेक वेळा वाईटच येणार. 'ई. कोलाय, दर १०० मिली' असं स्पष्ट लिहून द्या, कारण ई. कोलाय विष्ठेची खूण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट टी कार्यगटाने २००४ साली ज्या मर्यादा सुचवल्या त्या १०० मिलीमध्ये १२६ ई. कोलाय आणि ३३ एंटेरोकॉकाय (आतड्यातलेच आणखी एका प्रकारचे जिवाणू) अशा आहेत. पण अहवाल हातात येईपर्यंत दिवस-दोन दिवस जातात आणि अर्क तर काही तासांत वापरायचा असतो. म्हणजे तपासणी आपल्या पद्धतीची होते, त्या दिवसाच्या बादलीची नाही. आज चांगला आला म्हणजे पुढच्या वेळी चांगला येईल असं नाही, विशेषतः कंपोस्टचा ढीग बदलला तर.

तुमच्या घरासाठी मी स्पष्ट सांगतो: केमोथेरपी चालू असेपर्यंत अर्क करू नका.

ओली_माती

सूक्ष्मदर्शींशी पूर्ण सहमत. चाफा ताई, धास्ती घेऊ नका, बागेचं काही अडत नाही. तेच मुरलेलं कंपोस्ट हातमोजे घालून झाडाच्या आळ्यात दोन बोटं जाडीचं पसरा, वर वाळका पाला घाला. पाणी घातलं की त्यातलं पोषण मुळांपर्यंत हळूहळू जातंच. पसरणं आणि आवरणं हे कामही घरातल्या निरोगी माणसाने करावं.

हे मी इतरांनाही सांगेन. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी हवा दिलेल्या अर्काच्या दाव्यांवर बरंच टीकात्मक लिहिलं आहे, आणि पानांवर फवारून रोग आटोक्यात येतात याचे पुरावे खरोखर उलटसुलट आहेत. कधी फायदा दिसतो, कधी नुसत्या पाण्याइतकाच परिणाम. फायदा असा डळमळीत असेल तर कच्च्या खायच्या पानावर धोका कशाला पत्करायचा? मी स्वतः अर्क फक्त मुळाशी आळवणीसाठी वापरते. फुलझाडं, फळझाडं, कुंपणाची झुडपं. सॅलडची पानं, स्ट्रॉबेरी, जमिनीला टेकणारी फळं यांना नाही.

कुंडीवाला

फवारणी पूर्ण बंद करणं मला अजून जड जातंय, गुलाबाच्या पानांवर चांगला परिणाम पाहिलाय. पण खायच्या झाडांवर नाही फवारणार, आणि मळी बंद. हे मान्य.

पारिजात

आळवणी केली तरी पावसाने माती उडून पानांवर बसते ना? आणि धुऊन घेतलं तर?

सूक्ष्मदर्शी

बरोबर, मातीचे शिंतोडे हा खरा मार्ग आहे. म्हणूनच आळ्यावर पाल्याचं आच्छादन ठेवायचं. ओ१५७ मातीत काही आठवडे, थंड आणि ओल्या मातीत काही महिनेही टिकू शकतो. उघड्या पानावर ऊन आणि कोरडेपणाने तो बराच कमी होतो, पण पानाच्या घडीत, देठाच्या खाचेत राहतो. धुतल्याने कमी होतो, जात नाही. शिजवल्याने मरतो. कच्च्या शेणासाठी अमेरिकी सेंद्रिय नियमांत जे अंतर आहे तेच शंकास्पद अर्काला लावा: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीआधी १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस.

नवखा_माळी

उरलेला अर्क बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर किती दिवस चालेल?

कुंडीवाला

ठेवू नका. पंप थांबला की काही तासांत प्राणवायू संपतो. २० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि इतके जीव तो भराभर संपवतात. बंद बाटलीत वायू साठून झाकण उडू शकतं. शिवाय खाण्याच्या वस्तूंशेजारी ही बाटली नको. लागेल तेवढाच करा, उरला तर मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओता, आणि बादली, नळी त्याच दिवशी घासा.

नवखा_माळी

समजलं. शेवटचं एक. मी ट्रेमध्ये मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) लावतो. मळी न घालता, तापलेल्या कंपोस्टचा, पिण्याच्या पाण्यातला अर्क त्यांना मुळाशी दिला तर?

सूक्ष्मदर्शी

नको, अजिबात नको. मायक्रोग्रीन्स एक-दोन आठवड्यांत कापतात आणि कच्चे खातात, म्हणजे मध्ये अंतर ठेवायला जागाच नाही. ट्रेमध्ये रोपं दाट, हवा कमी, सतत ओलावा, आणि कापायची जागा मातीपासून बोटभर अंतरावर. बियातच तेवढ्या दिवसांपुरतं अन्न असतं, त्यांना नुसतं स्वच्छ पाणी पुरतं.